वास सुटला की

सोमवार, २४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? पाय सुजतात म्हणाली होतीस, सूज उतरली का? भावोजींना म्हणावं, बादल्या तुला उचलू देऊ नका. आम्ही दोघी ठीक आहोत. ‘ठीक’ लिहिताना पेन जरा अडखळलं, पण पत्रात आधी खुशाली, मग बातमी, असं तूच मला शिकवलंस. म्हणून ठीक.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर आई शेजारीच असते, आणि मला मध्ये कुणी बोललं की निम्मं राहून जातं. आज राहून चालणार नाही.

आधी दाण्यांचं सांगते. तुला मक्याचे कुरकुरीत दाणे खावेसे वाटतात आणि आई बाळंतपणाला आली की करून घालेल, असं तुमचं ठरलंय. म्हणून तू पाठवलेल्या एअर फ्रायरमध्ये काल पहिल्यांदा करून पाहिले. दाणे उकडून निथळले, टॉवेलवर पसरले. ओले राहिले तर तडतडून फुटतात असं ऐकलं होतं, म्हणून मी पुसतच बसले. आई म्हणाली, “अगं, मक्याचे दाणे आहेत ते, न्हाऊ घातलेलं पोर नव्हे!” मग कॉर्नफ्लोअर आणि थोडी तांदळाची पिठी चोळली, तेलाचा हात लावला आणि भांडं आत सरकवलं. तिखट-मीठ मागाहून, दाणे गरम असताना लावायचं. आधी लावलं तर तिखट करपतं.

तेवढ्यात खालच्या शिंपीकाकांनी हाक मारली. कुडत्याचं माप पुन्हा हवं होतं. मी आईला म्हटलं, “वास सुटला की बंद कर,” आणि जिना उतरले.

ताई, आपण दोघी याच वाक्यावर स्वयंपाक शिकलो. आईने आपल्याला कधी मिनिटं सांगितली नाहीत. वास सुटला की परत, वास सुटला की झाकण घाल, वास सुटला की उतरव. म्हणून माझ्याही तोंडून तेच निघालं.

काकांची फीत माझ्या खांद्यावर असताना तेच म्हणाले, “पोरी, कुणाचं तरी जळतंय बघ.” मी म्हटलं, “आमचं नसेल, वर आई आहे.” किती खात्रीने म्हटलं मी! जिन्यात आले तर डोळे चुरचुरायला लागले.

आई एअर फ्रायरकडे पाठ करून अगदी हाताच्या अंतरावर बसली होती. तुझ्या बाळाच्या दुपट्याला टाके घालत होती. तिच्या मागे निळसर धूर. घंटी वाजली तेव्हा तिने उठून वेळेचा काटा परत फिरवला होता. मला बघून म्हणाली, “नाही गं सुटला अजून वास. तुझ्या ताईचं मशीन भारीच मंद आहे.”

मी प्लग खेचला. भांडं ओढून काढलं, तर दाण्यांचा कोळसा झाला होता. आईने वळून धूर पाहिला. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा होता तो, ताई. आईचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. हातात गरम भांडं आहे हेही मला कळेना. बोटाला फोड आलाय.

“सर्दी झालीये,” ती म्हणाली.

मलाही ती सर्दीच असायला हवी होती. मी दुसऱ्यांदा दाणे लावले, आणि या वेळी तिथून हलले नाही. पण सगळं लक्ष काट्याकडे, त्यात तिखट-मीठ लावायचंच राहिलं. आईचा चष्मा दुपट्यावर पडला होता. तिने मूठभर दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, “मीठ अगदी बेताचं पडलंय. तिखटही छान लागलंय हो.”

मी खाली बसले.

“आई, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“आई!”

“तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वास गेला, मग चवीचंही काही खरं राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, आला तर येईल.” डॉक्टरांकडे ती एकटी गेली होती. मला बँकेत जाते म्हणून सांगितलं होतं.

तेव्हापासून ती मला हाका मारतेय. ये गं, मीठ बघ. ये गं, दूध नासलंय का हुंग बघू. मला वाटायचं, आई आता माझ्या जिभेवर भरवसा ठेवते. किती ऐटीत पुढे व्हायचे मी! मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना सांगितलंय, आमची आई मला विचारल्याशिवाय भांडं उतरवत नाही. ताई, मला वाटत होतं ती मला शिकवतेय. ती चाचपडत होती. कालपासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

“ताईला कळवू नकोस,” ती म्हणाली. “कळलं तर म्हणेल, येऊच नकोस. आधीच माझं नाक गेलंय, आता तिच्या सासरच्यांसमोर कापू नकोस.” आणि हसली. मलाही हसू फुटलं, ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

मी विचारलं, “तिथे गॅस उघडा राहिला, आणि ताई झोपलेली, बाळ झोपलेलं, तर?”

आईने सुई दुपट्यात टोचून ठेवली. मग म्हणाली, “तुम्हा दोघींच्या टाळूचा वास मला अजून आठवतो. तिच्या बाळाचा येणार नाही, हे मी कधीच समजून घेतलंय. तरी मांडीवर घेऊ दे की मला.”

कळवणार नाही, असं वचन मी दिलं नाही. आज सकाळी तिला तोंडावर सांगितलं, की ताईला लिहिते आहे. “लिही,” म्हणाली, “तुझ्या पोटात कधी काही राहिलंय?” त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. चहाही तिने तिचा तिचा करून घेतला.

मी तिच्याबरोबर येते आहे. दुकानात रजा मागितली, मालकीणबाई “बघू” म्हणाल्या. त्यांनी नाही बघितलं तरी येणार. गॅस आणि दूध माझ्याकडे. बाळाला न्हाऊ घालायचं, थोपटायचं, ते आईचं. त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

हे वाचून तू घाबरशील. लपवलं म्हणून तिच्यावर चिडशील. चीड, पण आईने फोन उचलल्यावर तुझा पहिला शब्द ‘ये’ असू दे. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

तुझी, आणि आजपुरती तरी आईची कुणीच नसलेली,

धाकटी