माझ्या मशीनवर गाढवाचं नाव

प्रिय ल्युबेन,

एकवीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला वाटेल, रूसेत कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. आपल्याला क्लबात शिकवणारे बाय स्तामेन ऐंशीचे झाले, तुझा थेस्सालोनिकीचा पत्ता त्यांनीच दिला. माझी आई अजून शेजारणीशी रोज भांडण्याइतकी धडधाकट आहे. डोकं ठिकाणावर नाही ते माझं, आणि तेही गेल्या मंगळवारपासून. दोनदा दूध उतू घालवलं, बंदराच्या कचेरीत चुकीच्या मजल्यावर उतरून दुसऱ्याच खुर्चीत जाऊन बसले, आणि हे पत्र आता तिसऱ्यांदा सुरू करतेय. आधीची दोन फाडली, कारण त्यात मी तुझ्यावर नुसती ओरडतच होते.

झालं ते सरळ सांगते. वाचनगृहाची डागडुजी पूर्ण झाली. तळघरातल्या आपल्या संगणक क्लबाच्या खोलीत जुन्या वस्तू मांडायचं ठरलं, आणि त्यात माझं २००३ सालचं मशीन काचेच्या कपाटात. खाली पितळी पाटी, तिच्यावर माझं नाव आणि ‘पहिल्या ओळीपासून स्वतः बांधलेली प्रणाली’ असे शब्द. शनिवारी उद्घाटन होतं आणि भाषण माझं, विषय नेहमीचाच: सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, प्रणाली उभी करायच्या तीन पद्धती, आणि त्यांतली खरी कोणती. हे भाषण मी इतक्यांदा केलंय की झोपेतही करीन. मंगळवारी मशीन चालतंय का बघायला गेले. चालू झालं, पंखा खडखडला, मीही खूश. पडद्याचा फोटो भाषणात दाखवावा म्हणून प्रणालीची माहिती दाखवणारी एक आज्ञा टाकली. एरवी आपण जी टाकतो तिच्यात तारीख दिसते, आकडा दिसतो, बस. हिच्यात अख्खी ओळ येते. कर्नल, म्हणजे सगळ्या प्रणालीचा गाभा, कोणी आणि कुठल्या मशीनवर कंपाइल केला, कोडपासून घडवला, हे त्या ओळीत कायमचं कोरलेलं असतं. तिथे माझ्या मशीनचं नाव हवं होतं. तिथे लिहिलं होतं: मागारे.

मागारे, गाढव. मी तुला चारचौघांत गाढव म्हणायचे म्हणून हट्टाने तू आपल्या मशीनला तेच नाव दिलं होतंस. साऱ्या शहरात त्या नावाचं मशीन एकच होतं.

मी खाली फरशीवरच बसले. सुतार काचा बसवत होते, त्यातला एक म्हणाला, “बाई, पाणी देऊ का?” मी म्हटलं नको, आणि पुन्हा तीच आज्ञा टाकली. मग अजून एकदा टाकली. दहा वेळा टाकली असेल. माझ्या घरी परका माणूस येऊन राहून गेला आणि मला एकवीस वर्षं पत्ता नाही, असं काहीतरी वाटत होतं. शिवाय तो माणूस परकाही नव्हता.

तुला ते दिवस आठवतच असतील, पण मला पुन्हा एकदा नीट मांडू दे, कारण मी ते आजवर चुकीचे आठवत आले. बंदराच्या कचेरीला एक माणूस हवा होता आणि बाय स्तामेननी सांगितलं होतं, सोमवारी दुपारी ज्याचं मशीन सोर्सपासून उभं राहून नीट चालेल, त्याचं नाव मी पुढे करीन. पद्धत ज्याची त्याने निवडायची. तू तिसरी घेतलीस: पाया तयार मिळतो, आपण फक्त कर्नल आणि लागेल तेवढं वर बांधायचं. एक दिवसाचं काम. मधली, दुसरी, कोणी घेतलीच नाही. कंपायलर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करणारं हत्यार, तेवढं तयार, बाकी सगळं आपलं, धड इकडे ना तिकडे. आणि मी घेतली पहिली. हातात चार हत्यारं, त्यांनी आधी कंपायलर बांधायचा, मग त्या कंपायलरने तोच कंपायलर पुन्हा, आणि मग उरलेलं सगळं. मी तुला म्हणायचे, “मी पिठापासून पापुद्रे लाटते, आणि तू दुकानातून पापुद्रे आणून, आत चीज भरून बानित्सा भाजतोस आणि वर आईच्या हातची म्हणून मिरवतोस.” तू म्हणायचास, “अगं, पण भूक लागल्यावर खायला कोण आधी बसतं ते बघ ना.” मला तुझा तो आळशी हसरा चेहरा बघून राग यायचा. आवडायचाही, पण ते सोड.

पहिली पद्धत मी का धरली ते तुला ठाऊक होतं. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. ते मशीन आम्ही दोघांनी मिळून जमवलं होतं, आणि त्यातली रॅम ही त्यांनी आणलेली शेवटची वस्तू. रविवारच्या बाजारात तासभर घासाघीस करून आणली आणि पोरगं शर्यत जिंकून यावं तसे ती माझ्यापुढे धरून उभे राहिले. सप्टेंबरात ते गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी नेमका त्या शनिवारी आला. शुक्रवारी सकाळी मी सगळ्या आज्ञा एकापुढे एक ओळीने लावून दिल्या, म्हटलं मशीन आपोआप शेवटाला जाईल, आणि आईबरोबर गावी गेले. थडग्यावर उकडलेले गहू वाटले, लोकांचं ऐकून घेतलं. मनात एकच होतं, की तिकडे तळघरात बाबांचं मशीन काम करतंय.

सोमवारी दुपारी परत आले तर मशीन उभं. शेवटची ओळ पडद्यावर, सगळे टाळ्या वाजवतायत. आणि तुझा पडदा काळा. तुझ्या डिस्कवर काहीच नव्हतं. बंदराचे साहेब शेजारीच उभे होते आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, “ल्युबेन, तुझ्याने तर विकतचे पापुद्रेसुद्धा भाजले जात नाहीत.” केवढे हसले सगळे. तूही हसलास. तू हसलास हे मला मंगळवारपासून सहन होत नाहीये.

फरशीवरून उठले आणि तडक बाय स्तामेनकडे गेले. ते अंगणात चुलीवर मिरच्या भाजत होते. मी दारातूनच विचारलं, माझ्या मशीनवर गाढवाचं नाव कसं? म्हाताऱ्याने चिमटासुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाले, “आत्ता पाहिलंस होय? मला वाटलं तुला केव्हाच कळलं असेल. एवढी हुशार तू.” मग मिरच्या सोलता सोलता सांगितलं. शुक्रवारी दुपारीच माझं मशीन कोसळलं होतं. त्यांनी तुला बोलावलं. तू पुन्हा सुरू केलंस, ते पडलं. पुन्हा केलंस, पुन्हा पडलं, आणि दर वेळी वेगळ्या जागी. कंपाइल दर वेळी वेगळ्या जागी पडलं की दोष सोर्सचा नसतो, रॅमचा असतो. हे आपण नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. तू आपली डिस्क काढून खिशात टाकलीस, माझी डिस्क गाढवाला जोडलीस आणि तीन दिवस तिथून हलला नाहीस. क्लबाचं नेटवर्क नाव डिस्कला नाही, पेटीला द्यायचं, म्हणून गाढवाचं नाव तिथे कोरलं गेलं. सोमवारी सकाळी ती परत माझ्या मशीनमध्ये बसवलीस. बाय स्तामेन म्हणे तुला म्हणाले, “वेड्या, नोकरी जाईल हातची. निदान फोन करून तिला सांग तरी.” तर तू म्हणालास, “काका, तिच्या बापाने आणलेली रॅम खराब निघाली, हे तिला चाळिसाव्याला सांगू? तुम्ही सांगाल?” त्यांनी नाही सांगितलं. तू त्यांच्याकडून शब्द घेतलास आणि त्या हट्टी माणसाने तो पाळला.

ल्युबेन, मला कळायला हवं होतं. रॅम खराब होती हे त्या डिसेंबरात माझं मलाच सापडलं. जरा मोठं काही कंपाइल करायला घेतलं की मशीन पडायचं. मी ती बदलली आणि थंडीने गेली असेल म्हणून सोडून दिलं. आता सांग, जी रॅम डिसेंबरात तासभर टिकत नव्हती, तिने ऑक्टोबरात सलग तीन दिवस कंपायलर बांधला? मी या कामाचं खाते, जगाच्या मशीनमधल्या चुका शोधते, आणि हा साधा हिशोब मला जमला नाही. खरं सांगायचं तर करावासाच वाटला नाही.

बुधवारी मी डिस्कवरची सगळी जुनी नोंद काढून वाचली. आशा अशी की तू निदान लबाडी केली असशील. तयार पाया टाकून दिला असतास तरी मला कुठे कळणार होतं? वेळ वाचला असता, तुझंही मशीन उभं राहिलं असतं. पण नाही. शुक्रवार दुपारपासून एकेक ओळ तिथे आहे. आधी कंपायलर, मग त्याच कंपायलरने पुन्हा कंपायलर, मग सगळं, माझ्याच क्रमाने. ज्या पद्धतीला तू दोन वर्षं वेळेची नासाडी म्हणत होतास, तीच तू माझ्यासाठी शेवटपर्यंत पाळलीस. ते वाचताना मी कचेरीत रडले. हाताखालच्या मुलींना वाटलं सर्व्हर गेला.

आणि मग तुझा भयंकर राग आला. तू कोण रे ठरवणारा, मला काय झेपेल आणि काय नाही ते? तू मला माझी नोकरी दिलीस, माझं नाव दिलंस, वर मला त्याचा तोरा मिरवू दिलास. मी दर वर्षी नव्या लोकांपुढे उभी राहून, तिसऱ्या पद्धतीवाल्यांना कणा नसतो म्हणून सांगत आले आणि नमुना म्हणून तुझी गोष्ट सांगत आले. नाव घेत नव्हते, पण रूसेत कोणाला कळत नव्हतं? एक शब्द बोलला असतास तर मी निदान तोंड सांभाळलं असतं. तेव्हा हे तुझंही चुकलं. माफी मागायच्या आधी हे लिहिणं भाग होतं.

काल शनिवारी मी सगळं सांगून टाकलं. भाषणाचे कागद बाजूला ठेवले, पडद्यावर ती ओळ दाखवली आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं. आई पहिल्या रांगेत होती. रॅमचा भाग आला तेव्हा मी तेच वाक्य तिसऱ्यांदा सुरू केलं, तर तीच मोठ्याने म्हणाली, “त्या बाजारवाल्याने तर मला इस्त्रीसुद्धा खराबच दिली होती.” लोक हसले आणि मी पुढे सांगत गेले. नंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, “मग मॅडम, शेवटी पद्धत कोणती चांगली?” मी म्हटलं, वेगात फरक म्हणशील तर मोजायला बसावं लागेल इतका थोडा. पहिलीत तुम्हाला सगळं होताना बघायला मिळतं, आणि ते बघण्यासारखं असतं, एकदा जरूर करा. तिसरीत दिवस हातात राहतात. माझ्या ओळखीच्या एकाने ते उरलेले दिवस दुसऱ्याच्या मशीनला दिले. पहिलीवाल्या कोणाकडे तेवढे नव्हतेच. पाटी मी उतरवायला लावली आहे. नव्या पाटीवर दोन नावं येतील, तुझं आधी. नको म्हणू नकोस, कारण ती घडवायला गेलीसुद्धा.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. हे तुला बाय स्तामेननीही फोनवर सांगितलं असतं. ते ज्याचे साक्षीदार नव्हते, ते मला लिहायचंय. त्याच सोमवारी संध्याकाळी बंदराच्या घाटावर तू मला विचारलंस, माझ्याशी लग्न करशील का. तीन दिवस झोपला नव्हतास, डोळे लाल होते. मला वाटलं, हरल्यामुळे रडलास. आणि मी म्हणाले, “ज्याच्याने हातात घेतलेलं एक काम शेवटाला जात नाही, त्याच्याबरोबर मी जन्म कसा काढू?” तू “बरं” म्हणालास आणि त्याच आठवड्यात थेस्सालोनिकीला मामाकडे खिडक्या बसवायला निघून गेलास. तुला एलेनी आहे, मुलं आहेत, सगळं छान आहे असं ऐकते, आणि मला त्यातलं काही हलवायचं नाही. माझंही बरं चाललंय. “नाही” परत घेऊन आता कोणाला उपयोग नाही. पण त्याच्यापुढे मी जे कारण जोडलं होतं ते खोटं होतं, ल्युबेन, आणि ते कारण तू इतकी वर्षं खरं मानून जगला असशील तर या विचाराने मला बसवत नाही. ते मी परत घेते. हातात घेतलेलं काम शेवटाला नेणारा माझ्या ओळखीचा माणूस एकच, आणि मी त्यालाच नाही म्हटलं.

त्या संध्याकाळपुरती तरी तुझीच,
झोर्नित्सा