अंगणाचा ढाळ

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामंजींना,
सा. न. वि. वि. नमस्कार कागदावरचा आहे, तेव्हा ‘पुरे, ऊठ आता’ म्हणायचे तुमचे कष्ट वाचले.

फोनवर जेवलात का, झोपलात का, एवढंच होतं. खरं बोलणं कागदावर, हा तुमचा नियम. म्हणून ही बातमी यांनासुद्धा अजून सांगितलेली नाही. आधी तुम्हाला. उद्यापासून जमिनीची लेव्हल काढायचा लेसर माझ्या ताब्यात आहे.

आमचा लेसरवाला दुसऱ्या कंपनीत गेला. इंजिनिअरबाईंनी मला बोलावून विचारलं, इतकी वर्षं मापाची पट्टी धरून यंत्रासमोर उभी राहिलीस, आता यंत्रामागे उभी राहशील का. मी हो म्हणून मोकळी झाले. विचार केला तो नंतर. हे काम नीट पार पडलं तर पुढेही मीच, नाहीतर बाहेरून माणूस आणणार. मुकादमांच्या कपाळावर अशा आठ्या पडल्या की त्यात वीट बसली असती.

काम साधं नाही. इथल्या हॉस्पिटलचं अंगण दारापेक्षा उंच झालंय. जोराचा पाऊस आला की पाणी थेट तळमजल्यावर शिरतं, आणि तिथेच किडनीच्या पेशंटांचा वॉर्ड आहे. रक्त मशीनमधून फिरत असताना मधेच सगळं बंद करून माणसांना खुर्चीसकट वर न्यावं लागतं. जुनं अंगण उखडून आम्ही नवं काँक्रीट घालणार आहोत. दारापासून फाटकाकडे असा ढाळ द्यायचा की पाण्याने वॉर्डाकडे ढुंकूनही पाहू नये.

तुम्ही गवंडीकाम केलंय, म्हणून विचारते. मला जमेल ना?

चिमणीला सांगा, आई म्हणते, अभ्यास आधी, मैत्रिणी नंतर. तुमची माया आहेच, ती थोडी या यंत्रावरही असू द्या.
तुमची सून


ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद, आणि वर एक जास्तीचा, उद्या लागेल म्हणून.

पत्र एकदा मनात वाचलं, एकदा चिमणीला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग शेजारच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन त्यालाही ऐकवलं. हल्ली गुडघे मला तिथवरच नेतात. त्याने विचारलं, लेसर म्हणजे डोळ्यांच्या ऑपरेशनला वापरतात तोच का. मी म्हटलं, हो, आमच्या सूनबाई आता जमिनीचे डोळे तपासतात.

तुला जमेल का, हे मला विचारू नकोस. लग्न होऊन आलीस त्या वर्षीच तू माझ्या घरातलं कपाट तिरकं आहे म्हणून खाली कागदाची घडी सारली होतीस. माझ्या, गवंड्याच्या घरात. तेव्हाच मी ओळखलं की ही बाई काही सुखाने बसू देणार नाही.

मला भरवसा नाही तो त्या दिव्याचा. आम्ही लांबलचक नळीत पाणी भरून लेव्हल काढायचो. पाण्याला खोटं बोलायला आजवर कुणी शिकवलेलं नाही. हा दिवा कुणाचं ऐकतो? ढाळ कसा देतो? समजावून लिही. सोपं लिही, पण मी कुकुलं बाळ आहे असं धरून लिहू नकोस.

आणि एक. अंगण चुकलं तर यंत्राला कुणी बोलणार नाही, तुलाच बोलतील. सांभाळून राहा.

चिरंजीव रविवारी ट्रक घेऊन येऊन गेले. तुझी बातमी ऐकून रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले. चिमणीने दूध उतू घालवलं. बाकी सर्व ठीक.
घर तुझंच आहे, माणसंही तुझीच, हे विसरू नये.
मामंजी


ता. १८ फेब्रुवारी

ती. मामंजींना,
सा. न. वि. वि. तुमच्या ओळी उजवीकडे उतरत जातात. मी मोजलं नाही, पण पाणी छान निघून जाईल.

तर ऐका. यंत्र डब्याएवढं, तीन पायांच्या स्टँडवर बसतं. डोकं गरागरा फिरतं आणि चहूकडे उजेडाची एक सपाट चादर पसरते. दिवसाउजेडी ती दिसत नाही. पट्टीवर एक छोटा रिसीव्हर असतो, तो ती पकडतो आणि ओरडतो. पट्टी उंच असेल तर भराभर, खाली असेल तर थांबून थांबून, आणि बरोबर जागी आली की एकच लांब सूर. तो सूर लागला की माझ्या अंगावर अजून रोमांच उभे राहतात. इतकी वर्षं पट्टी धरून मी तो ऐकला, पण तो माझ्या शब्दावर लागतो म्हटल्यावर निराळाच वाटतो.

ढाळ द्यायचा तर आकडा भरायचा, मग ती चादर तेवढी तिरकी होते. आमचा ढाळ शंभरात एक. पण खरी मेख पुढेच आहे. यंत्राचं तोंड नेमकं फाटकाच्या दिशेने लागलं पाहिजे. जरा वळलं तरी ढाळ भलतीकडे जातो, आणि यंत्राला त्याचं काही सुखदुःख नसतं. म्हणून आधी कडक जमीन शोधायची, स्टँडचे पाय रोवायचे, तोंड दोन दोनदा बघायचं. पहिल्या दिवशी मी भरावाच्या मातीवर उभं केलं होतं. दुपारपर्यंत एक पाय खचला. इंजिनिअरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आता आयुष्यात विसरणार नाहीस.

तुम्ही म्हणता ते पाण्याचं खरं आहे. दिवा शपथ घेऊन सांगत नाही. म्हणून मी रोज सकाळी दोन पक्क्या खुणा तपासते, एक हॉस्पिटलच्या दगडी पायरीवर आणि दुसरी लांब फाटकाच्या खांबावर. मुकादम म्हणतात, बाई सकाळी देवाला नाही, खांबाला नमस्कार करतात. म्हणू देत.

वॉर्डात एक आजीबाई आहेत, एक दिवसाआड येतात. जाता-येता मला विचारतात, झालं का गं तुझं अंगण. मागच्या पावसात त्यांना खुर्चीसकट वर नेताना जिन्यात तोल गेला होता, तेव्हापासून आभाळ भरून आलं की त्या घरूनच निघत नाहीत. उपचार चुकतो, अंगाला सूज येते. मामंजी, त्यांना मी ‘होतंय’ म्हणते तेव्हा मान खाली जाते माझी.

चिमणीच्या परीक्षेचं कळवा. आपली कृपा अशीच राहो, आणि गुडघ्यांना तेल लावत जा.
तुमची सून


ता. ६ मार्च

ती. मामंजींना,
सा. न. वि. वि. बसून सविस्तर लिहिते. 

काल काँक्रीट ओतायचा दिवस होता. त्याआधी दोन दिवस यंत्र दुसऱ्या साईटवर गेलं होतं, रात्री जीपमधून परत आलं. सकाळी लावलं. दिवा हिरवा, आवाज नेहमीचा. पायरीची खूण जुळली. खांबाशी गेले तर जुळेना. दोन बोटांचा फरक. स्टँड उचलून पुन्हा रोवला, पुन्हा पाहिलं. तेच.

एव्हाना मिक्सरच्या गाड्या फाटकातून आत आल्या होत्या. मुकादम म्हणाले, खांबाला काल ट्रकचा धक्का लागलाय, खांबच हलला असणार, यंत्राला काय धाड भरलीय. धक्का खरंच लागला होता, कोपऱ्याचा टवका उडाला होता. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खांब खोटा की यंत्र खोटं, हे मला सांगता येईना. गाड्यांचे ड्रम फिरत होते, माणसं फावडी टेकून माझ्याकडे बघत होती.  तुमचं वाक्य आठवलं, यंत्राला कुणी बोलणार नाही. पण खरं सांगू, बोलणी खायची भीती मागे पडली. डोळ्यांपुढे ती आजी आली. काँक्रीट एकदा बसलं की बसलं. त्यातला चुकलेला ढाळ पुसता येत नाही.

मी दोन्ही हात वर करून काम थांबवलं.

मुकादम मोठ्याने बोलले. ते लिहीत नाही, कागद चांगला आहे. इंजिनिअरबाई ऑफिसातून धावत आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, तुला खात्री आहे का.

मी म्हटलं, “खात्री नाही, म्हणूनच थांबवलंय.”

 त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाल्या, चल, भिंत गाठू. यंत्र खरं की खोटं ते असं पाहतात. भिंतीपासून लांब उभं करायचं, ढाळ काढून सपाट करायचं, रिसीव्हर भिंतीवर जिथे लांब सूर देईल तिथे खूण करायची. मग यंत्र अर्धं फिरवून त्याची पाठ भिंतीकडे करायची आणि पुन्हा खूण करायची. खरं असेल तर दोन्ही खुणा एकावर एक.

पहिली खूण मी केली. दुसरी बाईंनी. मधे माझी करंगळी आडवी मावली.

 यंत्र जीपमध्ये आपटलं असणार. आतून एका बाजूला कलंडलं होतं आणि हिरवा दिवा लावून शहाण्यासारखं फिरत होतं. फाटकाकडचा ढाळ बिघडवलाच असता त्याने. अंगणभर डबकी साचली असती आणि पाणी पुन्हा दाराशी. बाईंनी गाड्या कुंपणाच्या भिंतीकडे वळवल्या, तिथे पायाचे चर तयारच होते. काँक्रीट वाया गेलं नाही. यंत्र दुरुस्तीला गेलं.

संध्याकाळी मुकादम चहाचा कप घेऊन आले, माझ्याजवळ ठेवला आणि न बोलता गेले. त्यांच्या मानाने ते भाषणच.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, तेवढं कळवा. मायेत अंतर न पडो.
तुमची सून


ता. ११ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. या वेळी मोजायला बसलो नाही.

काय म्हणालो असतो ते विचारतेस. काही म्हणालो नसतो, शेजारी येऊन मीही दोन्ही हात वर केले असते. शिंप्याला वाचून दाखवताना ‘म्हणूनच थांबवलंय’ पाशी अडकलो, पुढचं त्यानेच वाचलं. त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. एका गिऱ्हाइकाची बाही थोडक्यात बचावली.

तुला वाटलं असेल, म्हातारा आता म्हणेल, बघ, सांगत नव्हतो दिव्याचं. नाही म्हणत. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पाणीही खोटं बोलतं, हे प्रत्येक गवंडी जाणतो. साधन कुठलंही असो, त्याला उलटं फिरवून विचारणारा माणूस लागतो. भरल्या साईटवर, गाड्या उभ्या असताना हात वर करणं मी फार थोड्यांना जमलेलं पाहिलंय. आणि ज्यांना जमलं त्यांच्या हातचं काम अजून उभं आहे.

चिमणीने शाळेत ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहिला. त्यात तू लढाईत तलवारीऐवजी लेसर घेऊन उभी आहेस. बाईंनी शेरा दिला, कल्पना छान, वास्तवाला धरून लिहावे. चिमणी त्यांना तुझं पत्र दाखवायला निघाली होती, मी थांबवलं. चिरंजीवांनी ट्रकच्या मागे तुझं नाव घालायचं काढलंय. त्यांना तूच आवर.

काँक्रीट कधी ते कळव. आम्हा सगळ्यांना तुझ्या पत्राची भूक आहे, ती भागवत जावी.
मामंजी


ता. १२ एप्रिल

ती. मामंजींना,
सा. न. वि. वि. तुमच्या जास्तीच्या आशीर्वादासकट सगळे कामी आले.

अंगण झालं. यंत्र दुरुस्त होऊन आलं, मी ते भिंतीला लावून उलटसुलट तपासलं, आणि मगच फाटकाकडे तोंड केलं. पहिली गाडी आली तेव्हा मुकादमांनी हात आडवा धरून ती थांबवली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, बाई, तुमचं झालं का? मगच ओतू. मी हो म्हटलं. दिवसभर तो लांब सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत राहिला.

काँक्रीट पक्कं झाल्यावर इंजिनिअरबाईंनी पाण्याचा टँकर मागवून थेट वॉर्डाच्या दाराशी रिकामा करायला लावला. खिडक्याखिडक्यांतून नर्सेस बघत होत्या. पाणी क्षणभर पायरीपाशी घुटमळलं.  मग जसं काही कुणी हाक मारली, तसं वळलं आणि अख्ख्या अंगणभर पसरून फाटकाच्या गटाराकडे चालू पडलं. डबकं म्हणून एक नाही. मुकादम त्याच्या बाजूबाजूने फाटकापर्यंत चालत गेले, पाहुण्याला पोचवायला जातात तसे.

पण खरी परीक्षा परवा झाली. दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. मी वॉर्डाच्या दारात जाऊन उभी राहिले. सवयीने दोन वॉर्डबॉय खुर्च्या न्यायला धावत आले आणि कोरडी फरशी बघून तिथेच थबकले. बाहेर पाणी फाटकाकडे पळत होतं, आत मशीन शांतपणे चालू होती. आजीबाई त्या दिवशी ढग दिसत असूनही आल्या होत्या, माझ्या शब्दावर. त्यांना गाढ झोप लागली होती. पाऊस थांबल्यावर जाग आली तेव्हा त्यांनी नर्सला विचारलं, बाहेर ओलं का दिसतंय.

मामंजी, मी बाहेर जाऊन अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि पोटभर हसले. भिजले ते वेगळं.

पुढची साईट माझी. शाळेचं मोठं मैदान, लेसर माझा, आणि पट्टीला मी निवडेन ते माणूस. आपल्या गावापासून बसने दुपारपर्यंत पोचता येईल इतकं जवळ.
तुमचा हात डोक्यावर आहेच, तो तसाच राहू द्या.
तुमची सून


ता. १७ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद. या खेपेस सोबत नमस्कारही पाठवतो आहे. वयाने मोठा असलो तरी कारागिराला कारागिराचा असतो, तो परत करू नये.

पत्र आलं आणि मी उठून उभा राहिलो. का ते सांगता येत नाही; बसून वाचवेना. चिमणी टाळ्या वाजवत जिन्यावरून खाली गेली, तिच्यामागे मीही गेलो. शिंप्याचं दुकान ओलांडलं, थेट बसथांब्यापर्यंत गेलो आणि गाड्यांच्या वेळा विचारून आलो. गुडघे कुरकुरले. त्यांना म्हटलं, मागे कुरकुरा, आधी चाला.

येत्या सोमवारी सकाळच्या बसने निघतो आहे. चिमणीला सुट्टी आहे, ती सोबत येते. माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवू नकोस, मी बघायला येत नाही. पट्टीला माणूस निवडला नसशील तर त्या एका दिवसापुरती ती जागा राखून ठेव. आयुष्यभर माझ्यापुढे माणसं पट्टी धरून उभी राहिली. आता मला तुझ्यापुढे धरायची आहे. तू यंत्राशी उभी राहा आणि सांग, वर, खाली, अजून थोडं. तू बस म्हणशील तिथे मी थांबेन.

भेटीत उरलेलं. येतो आहे.
मामंजी