पुलाआधीची शिट्टी

४ मार्च
पुतण्याने हट्टाने वहिनीला नि मला पाठवलं, म्हणून हे जहाज! खायला चार वेळा, वाचायला एक धड पुस्तक नाही. उद्या बंदरावर उतरवून जुन्या वाफेच्या गाडीत बसवणार म्हणे. वहिनी म्हणाली, "मी येणार." पूल कोसळून दादा इंजिनासकट नदीत गेला, तेव्हापासून तिने रेल्वेत पाय ठेवलेला नाही. प्रेतही सापडलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर— "भावोजी, भाषण नको!"

५ मार्च
लाकडी बाकं, डोळ्यात कोळशाची कणी, सहप्रवाशांचे फोटो. मग पुलाआधी शिट्टी झाली. दोन तुटक, एक लांब, शेवटी हळूच उतरत गेलेली.

प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी ओढायची तऱ्हा वेगळी. ही दादाची! घर जवळ आलं की अशीच द्यायचा. वहिनी अंघोळीचं पाणी तापत ठेवायची.

तिने खिडकीची दांडी घट्ट धरली. "कोणीही ओढेल तशी," मी म्हणालो. भुतं नसतात, हे मी शेकडो सभांत ठणकावून सांगितलंय. तरी मान बाहेर काढून इंजिनाकडे बघितलंच.

शेवटच्या स्टेशनात इंजिन पाणी घेत होतं. वहिनी फलाटावर, इंजिन दिसेल अशा बाकावर बसून राहिली. मी पुढे गेलो. म्हातारा ड्रायव्हर चाकांना तेल देत होता. मान वर न करता म्हणाला, "भोंग्या, तिला सांगू नकोस."

मला भोंग्या म्हणणारा जगात एकच होता.

"उडी मारली मी. गाडीतली माणसं गेली. कुठल्या तोंडाने परत येऊ?"

आणि मी! 'मरेपर्यंत ब्रेक न सोडणारा कामगार' म्हणून याच्या नावाने सभा गाजवल्या, चौकात पुतळा उभारला! एवढे ग्रंथ पालथे घातले, एक वाक्य मदतीला आलं नाही. गाडी सुटायची घंटा झाली.

भूत असतं तर परवडलं असतं.

६ मार्च
सांगू? वहिनी ताठ मानेने जगली ती हुतात्म्याची बायको म्हणून. सांगितलं तर जिवंत नवरा मिळेल— पळालेला. नाही सांगितलं तर तो तिकडे एकटाच मरेल. दिवसभर तिला टाळलं. जेवायलाही दुसऱ्या टेबलावर बसलो.

७ मार्च
डेकवर वहिनी आपणहून शेजारी येऊन बसली. म्हणाली, "फार थकलेत हो ते."