तुटायला हवा असा रेणू

४ नोव्हेंबर, मंगळवार
शेवटून दुसरा! बावीस रेणूंत माझ्या लाडक्याचा नंबर एकविसावा. कॉम्प्युटरला काय जातंय गुण द्यायला!

दम्याच्या पंपातलं औषध फुफ्फुसातल्या ज्या खोबणीत बसून श्वासनळी सैल करतं, तिथे माझा रेणू जरा ढिला बसतो — मान्य. पण त्यात मी मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवलाय. फुफ्फुसात काम करायचं आणि रक्तात उतरलं की तुटायचं. म्हणजे औषध हातापायांपर्यंत पोचणारच नाही, आत्ताच्या पंपाने थरथरतात तसे हात थरथरणारच नाहीत. हे त्या यादीत कुठे दिसतं?

आमच्या लॅबच्या प्रमुख नूतन मॅडम म्हणाल्या, "प्रगती, प्रत्यक्षात एकच रेणू बनवता येईल. सामान तेवढंच आहे. पहिल्या नंबरचा का नको, ते मला पटवून दे."

९ नोव्हेंबर, रविवार. हिर्डोशी
एसटीतून उतरून वर वस्तीवर पोचले, तर आई गोठ्याच्या खांबाला धरून बसलेली. भाताच्या झोडणीची धूळ, त्यात ही थंडी. छातीतली शिट्टी अंगणात ऐकू येत होती. आणि पंप कुठे? घरात, कोनाड्यात!

"अगं, आधी घे ना तो!"

"आदी न्हाई. धार काढून घेती. हात कापाय लागलं की म्हस पान्हवत न्हाई."

म्हणजे आधी म्हैस, मग श्वास! मी ओरडले. पंप आणून तिच्या तोंडाशी धरला. घेतला बिचारीने. शिट्टी थांबली, पण हात असे थरथरले की चरवीच कलंडली. म्हैस अडून राहिली ती राहिलीच. आई माझ्याकडे बघेना.

रडू आलं मला. रागाने, आणि भीतीनेही. एक दिवस ही धार काढता काढताच जायची.

१० नोव्हेंबर, सोमवार
मॅडमना सगळं सांगितलं, चरवीसकट. त्या म्हणाल्या, "दुःख खरं आहे गं, पण ते रसायनशास्त्र नाही. तुझा दुवा फुफ्फुसातच तुटला तर?"

बरोबर बोलल्या. म्हणूनच जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
दुव्याची जागा बदलली. शेजारी अणूंचा एक छोटा गट बसवला, आडोशासारखा. पुन्हा कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं — नंबर नववा! मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "बनवा." बस्स, एवढंच!

५ डिसेंबर, शुक्रवार
रोहिदास तोंड पाडून आला. आमच्या लॅबमध्ये रेणू प्रत्यक्ष बनवण्याचं काम त्याचं. चंबूत नुसतं डांबर! "तुझ्या लाडक्यानं माझा चंबू बाद केला," म्हणाला. उरलेल्या सामानात आणखी एकदाच जमेल.

१६ डिसेंबर, मंगळवार
पांढरी पूड! चिमूटभर. रोहिदास आज कॉलेजभर छाती काढून फिरतोय.

२३ डिसेंबर, मंगळवार
शेळीच्या श्वासनळीवर चाचणी. खाटकाकडून आणलेली नळी मीच साफ केली. शेळ्या राखणाऱ्या घरची पोर मी, घरी कळलं तर हसतील! आधी तो तुकडा नळी आकसवणाऱ्या दुसऱ्या एका औषधाने आवळून घेतला, दमा झाल्यासारखा. मग माझा रेणू, थेंब थेंब. ताणाच्या आलेखाची रेघ खाली, खाली, खाली... नळी सैल पडली, आणि तशीच राहिली!

रक्तद्रवातला नमुना मात्र काही मिनिटांत तुटून संपला. तुटला! काहीतरी मोडलं म्हणून नाचायची माझी ही पहिलीच वेळ.

मॅडम म्हणाल्या, "छान. आता प्राणी, मग माणसं. दहा-बारा वर्षं धर. आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात." पण हसत होत्या.

२७ डिसेंबर, शनिवार. हिर्डोशी
ओट्यावर बसून आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "मला कवा मिळंल?"

खोटं बोलायचा मोह झाला. नाही बोलले. "दहा-बारा वर्षं, आई. कदाचित मिळणारही नाही."

"बारा," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. कशाला सांगितलं, असं झालं मला.

२८ डिसेंबर, रविवार
सकाळी गोठ्यातून पंपाचा फुस्स आवाज. धारेच्या आधी! जाऊन पाहते तर आई थरथरत्या हातांनी कासेला बसलेली, म्हैस लाथा झाडतेय, चरवीत जेमतेम तांब्याभर दूध.

"आटू दे म्हस," म्हणाली. "तुज्या औषदापातूर बारा वर्सं काढायची हायती मला."