भरून परत आलेलं मशीन

सावेडी, नगर
(पाकिटावर अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात मात्र अजून नगरच येतं.)
बुद्धपौर्णिमेनंतरचा मंगळवार

प्रिय बन्सी,

थोरल्या बहिणीचा तुला जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. लंकाबाईलाही माझा जय भीम सांग, पण हे पत्र तिच्या हाती देण्याआधी स्वतः एकदा नीट वाच. तुझी साखर आता किती आहे? "जेवणाआधीची की नंतरची?" असं विचारून वेळ मारून नेऊ नकोस, दोन्ही सांग. ऊस दारात उभा आहे म्हणून तो खाल्लाच पाहिजे असं कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलेलं नाही. म्हैस व्याली का? माझी तब्येत ठणठणीत आहे. उजवा खांदा तेवढा पुन्हा धरायला लागलाय, त्याचं कारण पुढे येईल.

तू म्हणशील, हातात मोबाईल असताना अक्काला पत्राची हुक्की कुठून आली. तर फोन केला की लंकाबाई तो स्पीकरवर टाकते आणि आपलं बोलणं गोठ्यापर्यंत जातं. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर माझ्या घरात वर्षभरापासून इंटरनेट नाही. गेलं नाही, मी घालवलं. (वायफायची पेटी काढायला आलेल्या माणसाने विचारलं, आजी, तक्रार काय लिहू? मी म्हटलं, लिही, फार चांगलं चालतं.) मोबाईलमधलाही नेटचा पॅक मी बंद केला. हे सगळं एका खेळाच्या मशीनपायी झालं, आणि ते मशीन आता माझ्या टीव्हीखाली मढ्यासारखं पडून आहे.

गेल्या वर्षी माझा खांदा आखडला होता हे तुला ठाऊक आहे. जन्मभर फळ्यावर लिहिलं, आणि पेन्शनीत गेल्यावर हाताला एकदम सुट्टी मिळाली, ती त्याला मानवली नाही. डॉक्टर म्हणाले, हात फिरवत राहा. आता कारण नसताना हात फिरवायला मी काय पंखा आहे? म्हणून आमच्या प्रवीणने बाजारातल्या एका दुकानातून हे जुनं मशीन आणलं. रिमोट हातात धरायचा, हात मागून पुढे झोकायचा, की टीव्हीत चेंडू घरंगळत जातो आणि तिकडे उभ्या केलेल्या बाटल्या धडाधड पडतात. याला बोलिंग म्हणतात. मला ते इतकं आवडलं की खांदा बरा झाल्याचंही माझ्या लक्षात आलं नाही. मग एके दिवशी प्रवीण म्हणाला, आई, मशीन फोडलेलं आहे. मी चष्मा लावून चारी बाजूंनी बघितलं, कुठे तडा दिसेना. तेव्हा त्याने समजावलं. कंपनी मशीनला आतून कुलूप घालते, म्हणजे त्यांच्याकडून विकत घेतलेलेच खेळ चालावेत. लांब कुठल्या तरी देशातल्या हॅकर लोकांना त्या कुलपात फट सापडली आणि त्यांनी ती जगाला फुकट सांगून टाकली. (कुलूप फोडायचं, स्वतः काही न्यायचं नाही आणि किल्ल्या गल्लीभर वाटायच्या, असले चोर माझ्या शाळेत असते तर मी त्यांना मॉनिटर केलं असतं.) तर आमचा बोलिंगचा खेळ अशा मार्गाने आलेला, बिनपैशाचा. कॉपीच्या चिठ्ठ्या पकडण्यात जिचं आयुष्य गेलं त्या बाईने ते मशीन त्याच दिवशी परत करायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण बाटल्या पडताना एक फार छान आवाज येतो, बन्सी.

प्रवीणने एकच अट सांगितली होती. मशीनला इंटरनेटचा वासही लागू द्यायचा नाही. लागला की आपलं कुलूप फुटलंय हे कंपनीला कळणार आणि ती तिथे बसून मशीन बंद करणार. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. वायफाय गेलं. पाहुणे आले की त्यांचे मोबाईल दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवून घ्यायला लागले, परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवतात तसे. पाहुणे कमी झाले, पण मशीन सुखरूप राहिलं.

आता शकिलाबाई. त्या आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांचे मिस्टर मुजफ्फरभाई तुला आठवत असतील, तुझ्या ट्रॅक्टरचा पार्ट त्यांनीच मिळवून दिला होता. ते गेले, विधवेने घरातच राहायची इद्दतीची मुदत संपली, त्यालाही कितीतरी महिने झाले, तरी बाई उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या. येणारा जो तो त्यांच्याशी दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलायचा. मीसुद्धा डबा द्यायला जायचे, हळूच दोन शब्द बोलायचे आणि पाय न वाजवता वर यायचे. मग एका दुपारी चेंडू टाकताना मी त्याच्या पाठोपाठ स्वतःही गेले आणि टीपॉयवर आदळले. आवाज ऐकून शकिलाबाई धावत वर आल्या, "ताई, पडलात का काय?" म्हणत थेट टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. शेवटच्या दोन बाटल्या डुलत होत्या. मी ओरडले, "बाजूला व्हा हो, काही दिसत नाही!" बाई चमकल्या. आणि मग हसल्या. मी रिमोट त्यांच्या हातात दिला, तर पहिल्याच फेकीत त्यांनी सगळ्या बाटल्या आडव्या केल्या. मी म्हटलं, नवशिक्यांना लागतो असा एखादा, पुन्हा टाकून दाखवा. त्यांनी पुन्हा टाकून दाखवला.

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की शकिलाबाई वर. समोरच्या कडूबाईही यायच्या (त्या रिटायर नर्स आहेत आणि सोफ्यावर बसूनच खेळतात, उभंच राहायचं असतं तर नोकरी कशाला सोडली असती, म्हणतात). शकिलाबाईंना एक खोड आहे. सतरंजीची कड ही आमची रेघ, ती त्या हटकून ओलांडतात. मी फाऊल म्हणायचे. त्या म्हणायच्या, मशीन फाऊल देत नाही. मी म्हणायचे, घर माझं आहे, मशीनचं नाही. आमची भांडणं जिन्यात ऐकू जायची आणि गॅसवाला खालीच थांबायचा. शाळेत पहिल्या दिवशी रडणारं पोर मधल्या सुट्टीत एकदम खेळायला लागतं ना, ते बघून मला जसं वाटायचं तसं त्या बाईंना भांडताना बघून वाटायचं.

ईदच्या सुमारास मी शाळेतल्या मैत्रिणीच्या, भागूबाईच्या नातीच्या लग्नाला संगमनेरला गेले. सराव मोडू नये म्हणून मशीन शकिलाबाईंकडे ठेवलं. त्यांच्या घरी वायफाय नाही, तेव्हा इंटरनेटचं काही सांगावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आता आमच्या जिन्यातला एक कायदा तुला सांगायला हवा, म्हणजे तुमच्याकडेही तो आहेच. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. माझं भरीत खाली गेलं की त्याच डब्यातून खिमा वर यायचा, तो संपला की डबा चकल्या घेऊन खाली. शकिलाबाई यात इतक्या कडक आहेत की एकदा उसनी नेलेली सुई त्यांनी दोरा ओवून परत केली होती. तर मशीन परत द्यायची वेळ आली आणि बाई अडचणीत पडल्या. त्यात शीरखुर्मा तर ओतता येत नाही. आणि रिकामं द्यायला मन होईना. त्यातून हे मशीन चालू केलं की आधी पडद्यावर अपडेट मागायचं, आम्ही 'नंतर' असं बटण दाबून पुढे जायचो. शकिलाबाईंना ते पहिल्यापासून खुपायचं. बिचारं रोज मागतंय आणि ताई रोज नंतर म्हणतात. ईदला त्यांचा भाचा आदिल आला होता, संगमनेरला डेअरीत कामाला असतो तो. त्यांनी त्याला सांगितलं, याला काय हवंय ते दे. त्याने आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावला आणि दिवसभराचं नेट त्या मशीनच्या घशात घातलं. मी परत आले तेव्हा मशीन वेलबुट्टीच्या रुमालात बांधून वर आलं, सोबत माझ्यासाठी वेगळा शीरखुर्मा. शकिलाबाई अभिमानाने म्हणाल्या, "ताई, भरून दिलंय. आता मागणार न्हाई."

खरंच मागितलं नाही, बन्सी. बोलिंगही उघडलं नाही, दुसरा कुठला खेळही नाही. शकिलाबाई प्रवीणसाठी शीरखुर्म्याची आणखी एक वाटी आणायला खाली गेल्या होत्या तेवढ्यात प्रवीणने पडद्यावरचं वाचलं आणि कपाळावर हात मारला. कंपनीने मशीनवर कायमची बंदी घातली होती. मी त्यांच्या ऑफिसला फोन लावला. तिकडची मुलगी गोड होती, पण कायमची म्हणजे कायमचीच म्हणाली. मी म्हटलं, बाळ, मीही पोरं वर्गाबाहेर उभी केली आहेत, पण तास संपला की आत घेतली आहेत. कायमचं काढायचं असेल तर आधी पालकांना बोलवायला नको? त्यावर तिने मला गाणं ऐकत ठेवलं. मग मी रीतसर मराठीत अर्ज लिहिला, मशीनची चूक कबूल केली, पालक म्हणून सही केली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर आलेलं नाही.

पण मशीन गेल्याचं मला एवढं नाही. शकिलाबाईंना त्यांच्या हातून ते गेलं हे कळता कामा नये, हे मी त्याच क्षणी ठरवलं. एवढ्या प्रेमाने भरवायचं आणि त्यानेच मरायचं, हे त्या बाईंनी कसं सोसायचं? वाटी घेऊन त्या वर आल्या तेव्हा मी सांगून टाकलं, विजेचा दाब वाढला आणि मशीन जळलं. प्रवीणला आणि कडूबाईंना तसंच सांगायची ताकीद दिली. संशय नको म्हणून मी शकिलाबाईंशी फार जपून वागायला लागले. या ना, बसा ना, चहा टाकू का. बोलिंग नाही तर कॅरम काढला. त्यांनी रेघेवरून स्ट्रायकर सरकवला तरी मी म्हणायचे, असू दे, तुमचाच डाव. थोडे दिवस त्या आल्या. मग गुडघा दुखतो म्हणाल्या. मग यायच्या बंदच झाल्या. बुद्धपौर्णिमेला प्रवीणच्या हाती खिरीचा डबा खाली पाठवला, तो अजून परत आलेला नाही. रिकामाही नाही. आमच्या जिन्यात असं कधी झालेलं नाही, आणि मला ते सहन होत नाही. खालचं दार वाजलं की मी कान देऊन बसते. ती बाई पुन्हा चार भिंतींत जाऊन बसली आहे, आणि काहीही झालं तरी मी तिला वर आणणार आहे. मी हट्टाला पेटले की काय होतं हे तू लहानपणी पाहिलं आहेस, शाळेत जाणार नाही म्हणून तू बाभळीवर चढून बसला होतास तेव्हा.

बाकी सर्व क्षेम. साखरेचा आकडा कळव.

तुझी,
भागिरथीअक्का

ता.क. आता मुद्द्याचं. तुझी रश्मी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचं खेळाचं मशीन तुझ्या माळ्यावर ठेवून गेली. तेही काळंच आहे, अगदी माझ्या मशीनसारखं. राहुरीहून येणाऱ्या कुठल्याही टेम्पोत ते घालून पाठव, रश्मीला मी बघते. प्रवीण म्हणतो ते बिलाचं आहे, फोडलेलं नाही. बरं झालं. यावेळी बोलिंगही बिल घेऊन आणणार आणि वायफायही परत लावणार. स्वतःच्या घरात पाहुण्यांच्या खिशाकडे बघत जगायचा मला कंटाळा आलाय. शकिलाबाईंना सांगेन, जुनंच दुरुस्त होऊन आलं. कडूबाईंनी माझ्या मशीनवर खुणेला नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, तसा यावरही देईन. तू कुणाजवळ एक अक्षर बोलायचं नाहीस.

ता.क. दुसरा. वरचं सगळं खोड असं सांगणार होते, पण कागद खराब दिसेल. पाकिटाला डिंक शोधत होते तर दारात शकिलाबाई, हातात खिरीचा डबा, डब्यात रव्याचे लाडू. डबा ठेवून म्हणाल्या, "ताई, मशीन जळलं म्हणालात ना, त्याच रात्री मी आदिलला फोन केला. ते माझ्यामुळं गेलं हे त्यानं मला तेव्हाच सांगितलं." मी म्हटलं, मग त्या लाजेनं वर येत नव्हता का? तर म्हणाल्या, "लाज कशाची? प्रेमानं भरलं होतं. तुम्ही माझ्याशी हळू बोलायला लागलात, म्हणून न्हाई आले. सगळी दुनिया हळू बोलती. एक तुमचंच घर होतं जिथं मला कुणी ओरडायचं." बन्सी, मी एवढी शाळा चालवली आणि हे मला कळलं नाही. डोळे भरून आले. पण रडले असते तर तेही हळूच बोलण्यासारखं झालं असतं, म्हणून मी जोरात विचारलं, "कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला त्याला खायला घालायला?" त्या म्हणाल्या, "तुम्ही उपाशी ठेवलंत म्हणून!" मग चहा गार होईपर्यंत आम्ही भांडलो. समोरचं दार उघडून कडूबाई बघायला आल्या आणि माझीच चूक आहे असा निकाल देऊन गेल्या.

ता.क. तिसरा, आणि हा लंकाबाईला मोठ्याने वाचून दाखव. मशीन पाठवाच. लंकाबाई, तुझ्या हातून आजवर रिकामं काही कुणाकडे गेलेलं नाही हे मला माहीत आहे, म्हणून हात जोडते. खोक्यात शेंगा घाल, पापड घाल, मशीनला मात्र कुणाच्याही मोबाईलमधून काही भरू देऊ नकोस. प्रवीण म्हणतो बिलाच्या मशीनला अपडेटने काही होत नाही, उलट ते लागतंच. लागू दे. तो मान शकिलाबाईंचा आहे. तुम्ही ते रिकामंच पाठवा.