कॉमिकातलं नाक

ती. बाबांना नमस्कार,

हे पत्र तुम्हाला द्यायची माझी हिंमत होणार नाही. दर रविवारी मोबाइलवर येणारं ते कॉमिक मीच काढते. दिसेल तो दिवा घालवत फिरणाऱ्या त्यातल्या लांब नाकाच्या खडूस सासऱ्याला तुम्ही पोट धरून हसलात, मित्रांनाही पाठवलंत. वर म्हणालात, "त्या सुनेनं एकदा तरी ठणकावावं!"

म्हणून काल मी भाजी चिरत असताना तुम्ही दिवा घालवलात, तेव्हा मी ठणकावलं, "बाबा, मी काय घुबड आहे?"

तुम्ही दिवा परत लावलात आणि आत गेलात. थोड्या वेळानं आरशासमोरून हाक आली, "सूनबाई, माझं नाक खरंच एवढं लांब आहे?"

दूध उतू जातंय म्हणत मी पळाले. नाक आखूड करता येईल हो, पण हजारो वाचक त्याच्यावरच जीव टाकतात. आणि मीसुद्धा.

तुमची,
सूनबाई