भाऊबीजेला घरी बसलेल्या भावास

नाशिक, तांबट आळी
कार्तिक शुद्ध तृतीया

चिरंजीव भिमाजीरावांस थोरली बहीण कुसाबाई हिचे आशीर्वाद. आपल्या गुडघ्याची कळ थांबली असेल, मुलांचे खोकले बरे असतील. सौ. बयाबाईंची प्रकृती तर उत्तमच असणार, कारण त्यांचा भाऊ काल भाऊबीजेला त्यांच्याकडे वेळेवर पोचला, असं कळलं. माझा कुठे होता ते विचारायला हे पत्र.

काल सकाळपासून मी पिंपळगावच्या मोटारीची वाट बघत होते. पाट मांडला, रांगोळी घातली, तुला आवडतात म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या केल्या (नारळ खवून माझी बोटं सोलली, ते असो). दुपारी मोटार आली. तीतून नुसता फकिरा ड्रायव्हर उतरला आणि दारातूनच म्हणाला, "भिमाजीशेठ येत नाय म्हनले. त्येंचे मेव्हणे आलेत, त्येंची लय बडदास्त चाललीय." आता मला सांग, बायकोचा भाऊ आला की आपण घरी बसून त्याला वाढायचं, हा नियम तू कुठून काढलास? सगळ्यांनी तो पाळला तर भाऊबीजेला एकही पुरुष उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. इकडची स्वारी पहाटेच वन्संकडे दिंडोरीला गेली. वन्संचे यजमान त्यांच्या बहिणीकडे वणीला गेले होते. म्हणून दिंडोरीत कुणी उपाशी राहिलं का? अर्धा जिल्हा आपापल्या बहिणीकडे गेला आणि तू तेवढा मेव्हण्याला पंखा घालत बसलास.

संध्याकाळी आळीतल्या बायका सल्ला द्यायला आल्या. म्हणाल्या, भाऊ नाही आला तर चंद्राला ओवाळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चंद्राला ओवाळायचं ते ज्यांना भाऊच नाही त्यांनी. मला चांगला धडधाकट, मोटारीत दोघांची जागा अडवणारा भाऊ आहे. तो असताना चंद्रापुढे निरांजन फिरवणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. (तशी मी दुपारपासून चिंतत होतेच, पण तोंडी.) मी ठरवलं, आज चंद्राचं तोंडही बघायचं नाही.

ते जमलं नाही. शेजारचे इनायतभाई कल्हईवाले तुला आठवत असतील. यंदा त्यांचा रमजान आपल्या दिवाळीतच संपत होता. काल चंद्र दिसला तरच आज ईद. आमचं माळवद आळीत सगळ्यांत उंच, म्हणून इनायतभाई, हमीदाबी, म्हाताऱ्या बिलकिसबी, सगळं घर वर आलं. खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला आणि सगळे पश्चिमेकडे बघू लागले, तर तिकडे ढग. मी वर गेले ती केवळ वाळत घातलेल्या मिरच्यांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून. खाली गल्लीभर पणत्या, गोदागंगेच्या अंगाला घाटावर दिवे, आणि माळवदावर ही माणसं गप्प उभी. फार सुंदर दिसत होतं. त्याचाच मला जास्त संताप आला, कारण असं काही दिसलं की शेजारी आपलं माणूस लागतं, आणि माझं माणूस पिंपळगावात चिवडा वाढत होतं.

आणि जो बघायचाच नाही असं ठरवलं होतं, तो चंद्र नेमका मला आधी दिसला. ढगाच्या कडेला, नखाएवढा. गप्प बसले असते तर त्यांची ईद लांबायची, म्हणून बोट दाखवावं लागलं. इनायतभाईंना स्वतः बघितल्याशिवाय पटेना. माझ्या बोटाच्या रोखानं मान वाकडी करकरून अखेर त्यांनाही दिसला. मग हमीदाबींनी मला मिठी मारली, बिलकिसबींनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. खाली उतरताना इनायतभाईंनी रिकामा पाट बघितला, कुणाचा म्हणून विचारलं, आणि मी सांगितल्यावर सरळ त्यावर जाऊन बसले. मी ओवाळलं. करंज्याही त्यांच्याच घरी गेल्या. ओवाळणी म्हणून त्यांनी माझी भांडी फुकट कल्हई करायला नेली. मी नको म्हणेपर्यंत परात, तपेली, पातेली, सगळी उचलली होती. त्यामुळे आज चुलीवर ठेवायला घरात काही नाही आणि आम्ही दोघंही त्यांच्याकडच्या शिरखुर्म्यावर आहोत.

तेव्हा भावाची जागा भरली आहे. तू निवांत घरी राहा. लोभ असल्यास तो मेव्हण्यावरच असू द्यावा.

तुझी (होती ती) ताई,
कुसा

ता. क. – तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते, असं आळीतल्या बायका म्हणतात. मी आपलं नुसतं कळवते आहे. आलास तर बयाबाईंना आणि मुलांना आण. मेव्हणे अजून मुक्कामाला असले तर त्यांनाही आण, म्हणजे सबब उरायची नाही. फक्त बुधवारच्या आधी नको, भांडी यायची आहेत.

आणखी ता. क. – एक लिहायचं राहिलं. इनायतभाई पाटावर बसले, पण मला हात उचलवेना. तेव्हा तेच म्हणाले, "बाई, मी नुस्ता बसतो. नाव भिमाजीभाऊचंच घ्या. बीज खाली नको जायला." मी तुझं नाव घेतलं आणि मला रडू आलं. यंदा ओवाळलं ते तुलाच. ये.